दुसऱ्या हॉलची शांतता

आता शांतता ती काय रेकॉर्ड करायची, असं कुणालाही वाटेल. ताईच्या आईलाही वाटायचं. "अगं, काही वाजतच नाही, तर त्या डब्यात भरतेस तरी काय, डोंबल?" असं ती दर खेपेला विचारायची. ताई हसायची आणि म्हणायची, "तू नाही का स्वयंपाकघरात बसून ओळखतेस दारात कोण उभं आहे ते? तसंच काहीसं."

ताफा चौघांचा. व्हायोलिन वाजवणारे मास्तर, ज्यांच्या डोक्यातून ही सगळी कल्पना निघाली. एक बासरीवाली, जी बासरी वाजवण्यापेक्षा तिच्यात नुसती फुंकर जास्त घालायची. ताईचा धाकटा भाऊ, जो ढोल-तबला सोडून जगातलं काहीही बडवायचा, मग ती पाण्याची नळी असो, खुर्चीची पाठ असो की पत्र्याचं घमेलं. आणि ध्वनिमुद्रण सांभाळणारी ताई. परदेशातली पाच गावं, पाच हॉल, सतरा दिवस. एवढा मोठा दौरा त्यांना पहिल्यांदाच मिळाला होता.

मास्तरांची रीत अशी होती. प्रत्येक हॉलमध्ये कार्यक्रमाआधी, भर दुपारी, चौघांनी अनवाणी आपापल्या जागी उभं राहायचं. डोळे मिटायचे. चार मिनिटं काही करायचं नाही. चौघांपुढे चार माइक, आणि त्या चार मिनिटांच्या चार पट्ट्या ताईच्या डब्यात, म्हणजे तिच्या ध्वनिमुद्रण यंत्रात, जाऊन बसायच्या. मग पुढच्या गावी त्या मागच्या हॉलची शांतता स्पीकरवर सोडायची आणि तिच्या अंगावर वाजवायचं. पाचव्या गावी पाचही शांतता एकावर एक चढलेल्या असणार होत्या. शेवटी मास्तर लोकांसमोर येऊन स्वतःच्या हातानं डबा बंद करणार, तोच रचनेचा शेवट. डबा जुना होता. मध्येच बंद केला तर मांडलेलं सगळं विसरायचा. म्हणून पहिल्या दिवसापासून तो चालूच होता, गाडीत बॅटरीवर, खोलीत तारेवर. चार मिनिटं झाली की सेकंदभर अडखळायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

धाकट्याला लहानपणापासून दमा. बत्तीस वर्षांचा घोडा झाला तरी आईचा जीव त्याच्या छातीत अडकलेला. निघताना तिनं ताईला बाजूला घेऊन बजावलं होतं, "त्याचा श्वास तुझ्या जिवावर सोडतेय बघ." ताईला वेगळं सांगायची गरज नव्हती. लहानपणी एकाच खोलीत झोपून तिनं तो श्वास इतका ऐकला होता, की शंभर माणसांत डोळे मिटून ओळखला असता. आत घेताना बारीक शीळ, सोडताना शेवटी एक अडखळ.

दुसऱ्या गावचा हॉल तळघरात होता. भिंतींना नवा रंग दिलेला, आणि तो वास नाकात जाऊन बसलेला. शांततेचं पहिलं मिनिटही झालं नव्हतं, तेवढ्यात ताईनं पाहिलं, धाकटा तोंडावर रुमाल दाबून, चवड्यांवर चालत दाराबाहेर निघून गेला. बाकी दोघांचे डोळे मिटलेले. ताईचेही मिटलेले असायला हवे होते, पण तिला यंत्रावरचे काटे बघायचे असायचे म्हणून तिला सूट होती. चार मिनिटं संपायच्या आत तो परत येऊन उभा राहिला, डोळे लाल, चेहरा कसानुसा.

मास्तरांना कळलं असतं तर तो दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसला असता. सरावात एकदा त्याच्या खोकल्यानं शांतता मोडली, तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं होतं, "पुन्हा असं झालं तर मी दुसरा माणूस बघेन." आणि या दौऱ्यासाठी धाकट्यानं दहा वर्षं वाट पाहिली होती.

ताईनं काय केलं, तर पहिल्या हॉलची धाकट्याची पट्टी उचलली आणि दुसऱ्या हॉलच्या त्याच्या जागी चिकटवली. पाच मिनिटांचं काम. कानांना काही म्हणता काही कळलं नाही. मास्तर संध्याकाळी हेडफोन काढत म्हणाले, "आजची शांतता फार स्वच्छ आलीय."

"हो ना," ताई म्हणाली, आणि तिला आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथून पुढे धाकट्याचा खोकला गेला. थांबला म्हणजे थांबलाच. औषधाचा फवारा त्यानं बॅगेच्या तळाशी टाकून दिला. जिने धडाधड चढायला लागला. "इकडची हवा मानवली गं ताई," असं म्हणून तो न्याहारीला चार चार अंडी हाणायचा, आणि बासरीवाली त्याला चिडवायची, "हळू रे, हॉटेलवाल्यांची दया कर." ताईलाही बरं वाटलं. का नाही वाटणार? आईला फोन करून तिनं सांगितलंसुद्धा.

तिसऱ्या गावी, जुनं गोदाम पालटून केलेल्या हॉलमध्ये, ती दुपारची शांतता तपासत बसली होती. धाकट्याची पट्टी लावली. शीळ, अडखळ. शीळ, अडखळ. तिसऱ्या मिनिटाला त्यानं घसा खाकरला आणि आवंढा गिळला.

ताईचा हात थांबला. हे तिनं आधी ऐकलं होतं.

तिनं पहिल्या हॉलची पट्टी काढून पडद्यावर तिच्याखाली ठेवली. दोन्ही रेघा केसाइतक्याही वेगळ्या नव्हत्या. माणूस चार मिनिटं दोनदा सारखा श्वास घेत नाही. जुळी भावंडंही घेत नाहीत. "माझाच वेंधळेपणा," ती मनाशी म्हणाली, "चिकटवाचिकटवीच्या नादात तीच पट्टी पुन्हा आली." पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

चौथ्या गावी तिनं पुरावाच ठेवायचं ठरवलं. शांतता सुरू होताना हॉलच्या मधोमध उभं राहून तिनं एक टाळी वाजवली, चारही माइकवर यावी म्हणून. मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या. नंतर तिनं ऐकलं. मास्तरांच्या पट्टीवर टाळी होती. बासरीवालीच्या होती. तिच्या स्वतःच्या होती.

धाकट्याच्या पट्टीवर टाळी नव्हती. शीळ होती, अडखळ होती, आणि तिसऱ्या मिनिटाला खाकरणं.

"तुला बरं वाटतंय ना रे?" तिनं त्याला गाठून विचारलं.

"एकदम झकास. का?"

"काही नाही. जरा इकडे ये."

तिनं लहानपणीसारखा त्याच्या छातीला कान लावला. तो हसायला लागला, गुदगुल्या होतात म्हणाला. आत शीळ वाजत होती. ताईच्या गळ्यात हेडफोन लटकत होते, आणि त्यातही तीच शीळ वाजत होती. त्याच क्षणी. मागेपुढे नाही.

पाचव्या गावी, शेवटच्या कार्यक्रमाच्या दुपारी, तिनं ठरवलं की ती खोटी पट्टी काढून टाकायची. मास्तरांनी कार्यक्रम रद्द केला तरी चालेल. रंगमंचावर धाकटा पितळी नळ्या टांगून त्यांचा सूर जुळवत होता. ताईनं दुसऱ्या हॉलची त्याची पट्टी शोधली, पुसण्याआधी नुसती गप्प करून बघावी म्हणून बटण खाली केलं.

नळीचा आवाज आला नाही.

तिनं वर पाहिलं. धाकट्याचा हात हवेत थांबला होता. डोळे उघडे. तोंडावर मघाचंच हसू. ना धडपड, ना घुसमट. छाती मात्र हलत नव्हती.

तिनं बटण वर केलं.

नळी ठणकन वाजली. "ही जरा चढीच आहे," धाकटा म्हणाला आणि पुढची नळी टांगायला लागला.

मध्यंतरात तिनं मास्तरांना गाठलं. "आज डबा बंद करू नका."

"म्हणजे? सगळा खेळ त्या एका बटणासाठी आहे."

"पाया पडते तुमच्या."

"कारण सांग."

"दुसऱ्या हॉलची शांतता खोटी आहे. धाकटा बाहेर गेला होता. मी जुनी पट्टी चिकटवली." ती रडत होती. "आणि आता ती काढली तर..."

पुढचं तिला बोलता येईना, आणि आलं असतं तरी कोण ऐकणार होतं? मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता, पण रागानं. "मग तर बंद करायलाच हवा," एवढंच बोलून ते रंगमंचावर गेले.

चाळीस मिनिटं ताईनं कशी काढली ते तिचं तिला ठाऊक. स्पीकरमधून पाच हॉल एकदम श्वास घेत होते. बासरीवाली फुंकत होती. धाकटा नळ्यांवर बोटं टेकवत होता, आणि दर चार मिनिटांनी, तिसरं मिनिट संपताना, घसा खाकरत होता. प्रत्येक वेळी स्पीकर आणि तो एकाच वेळी.

मग सगळे थांबले.

मास्तर व्हायोलिन खाली ठेवून तिच्या टेबलाकडे आले. हात पुढे केला.

ताईनं डबा उचलून छातीशी धरला आणि दुसऱ्या हातानं स्पीकरच्या तारा ओरबाडून काढल्या.

हॉल एकदम निःशब्द झाला. डबा तिच्या कवेत बॅटरीवर चालू होता. क्षणभर कुणी हललं नाही, आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. धाकटा कमरेतून वाकून नमस्कार करत होता, घामानं निथळलेला, खुशीत. मास्तर हसून हात जोडत होते आणि ओठ न हलवता म्हणत होते, "आजपासून तुझा माझा संबंध संपला."

"चालेल," ताई म्हणाली.

मागच्या खोलीत तिनं आधी डबा तारेवर लावला. धाकटा आरशासमोर टॉवेलनं मान पुसत होता. तेवढ्यात आईचा फोन आला.

"झाला का गं कार्यक्रम? आता ते तुझं यंत्रबिंत्र बंद कर आणि भावापाशी बस घटकाभर. कसा आहे त्याचा श्वास?"

"छान आहे, आई." तिनं डब्याकडे पाहिलं. मिनिटांचे आकडे चाराजवळ आले होते. "एकदम एकसारखा आहे."

"दे बरं त्याला."

"आई, जरा थांब, मग देते."

"अगं, दे की!"

धाकट्यानं हात लांब करून फोन हिसकावला आणि ताईलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. "आई! लोक उभे राहिले होते, उभे! आणि ऐक, माझा दमा आता कायमचा..."

डबा अडखळला.

धाकटा फोन हातात धरून, तोंड उघडं ठेवून उभा होता. आरशातही तसाच उभा होता. "हॅलो?" आई म्हणत होती, "हॅलो? अरे बोल ना!" ताई मोजत होती. पहिल्या गावापासून आजवर हा खंड एका सेकंदाचा होता. एक. दोन. तीन.

"...पळाला," धाकटा म्हणाला.

"मध्येच गेला होता बघ तुझा आवाज," आई हसत म्हणाली. "तिकडची लाइनच खराब दिसतेय. असू दे, घरी आलात की निवांत बोलू."