अकरा जणींची खोली

दार लोटून घ्या, आणि मध्ये बोलू नका. हे ऐकीव नाही, माझ्या वहिनीच्या बाबतीत घडलंय. वहिनी म्हणजे तुमची मोठी आजी, आपल्या दवाखान्यात सदतीस वर्षं नोकरी करून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली. तू नर्सिंगला जाणार म्हणतेस ना, मग तू तर ऐकच.

मागच्या वर्षी अठरा नोव्हेंबरला, मंगळवारी, रात्री सव्वादहाला तिचा फोन आला. "भावजी, गाडी काढा. दवाखान्यात जायचंय."

"कुणाला काय झालं?"

"कुणाला काही नाही. रजिस्टरं आणायचीत."

दवाखान्याच्या मागे नर्सेसचं जुनं वसतिगृह आहे. त्यातल्या एका खोलीत वहिनीने जुन्या वस्तू जपून ठेवल्या होत्या. काचेच्या सिरिंजा, फोटो, टोप्या आणि शंभर वर्षांची रजिस्टरं. त्यातलं एक फार जुन्या, मोठ्या साथीच्या सालातलं. त्या साथीत रोग्यांची सेवा करता करता अकरा शिकाऊ पोरी गेल्या, त्याच वसतिगृहात. फाटकावरच्या दगडात देणगीदाराचं नाव आहे, डॉक्टरांची आहेत. पोरींची नावं फक्त त्या रजिस्टरात. आणि दवाखान्याच्या नव्या साहेबांनी खोली रिकामी करायचा हुकूम काढलेला, सकाळी आठला रद्दीवाल्याचा ट्रक येणार.

वहिनी त्यांच्याकडे तीनदा जाऊन आली होती. साहेब म्हणाले, "बाई, रद्दीसाठी खोली अडवता येत नाही."

जुनी किल्ली तिच्याकडेच होती. ती आत गेली, मी गाडीत बसलो. खोटं कशाला बोलू, मला आत जायचा धीर झाला नाही.

पुढचं तिनेच सांगितलेलं.

ते रजिस्टर हाती लागलं आणि दिवा गेला. तिने मोबाईलचा टॉर्च लावला. फिनेलचा वास आला. त्या इमारतीत वीस वर्षांत कुणी फरशी पुसलेली नव्हती. मग खळ घातलेल्या कपड्यांची सळसळ... दाराशी.

"कोण आहे?"



सळसळ आत आली. भिंतीपाशी रिकाम्या लोखंडी खाटा होत्या. एक करकरली. मग दुसरी. कुणी बसावं तशी.

वहिनीने रजिस्टर छातीशी धरलं. पण तिचं तोंड कुठलं बंद राहतंय! ती म्हणाली, "घाबरवायचंच असेल तर सकाळी आठला येणाऱ्याला घाबरवा. मी तुमच्यातलीच आहे. नाईट ड्युटीवर माझे केस पिकलेत."



मग तिने रजिस्टर उघडलं आणि नावं वाचायला घेतली. मोठ्याने. वॉर्डात हजेरी घेतात तशी. पहिलं नाव. थांबली. दुसरं. कुठेतरी श्वास सुटल्यासारखा आवाज... तिसरं... चौथं...

अकरावं नाव वाचलं, आणि मोबाईलचा टॉर्च विझला.

अंधार.

कुणीतरी तिचं मनगट धरलं.

गार हात. घट्ट नाही. तीन बोटं, बरोबर नाडीवर. तिने हात ओढला नाही. अर्धं मिनिट... तेवढाच वेळ... नाडी मोजायला लागतो तेवढा.

मग हात सुटला.

मला फोन आला तेव्हा बारा वाजून गेले होते. "भावजी, तुम्ही घरी जा. रजिस्टरं कुठेही जाणार नाहीत. मीपण नाही."

"वहिनी, वेड लागलंय का?"

"ज्यांची खोली, त्या इथेच आहेत. त्यांना बिऱ्हाड हलवायला लावणारी मी कोण?"

सकाळी ट्रक आला तेव्हा ती उंबरठ्यावर बसलेली, रजिस्टर मांडीवर. रात्रीतून तिने फोन केलेले. जुन्या नर्सेस येत गेल्या, कुणी काठी टेकत, कुणी नातवाच्या स्कूटरवर. रात्रपाळी संपवून निघालेल्या पोरीही थांबल्या. दहापर्यंत साठ-सत्तर बायका! साहेब आले. "बाई, सरका."

वहिनी म्हणाली, "सरकते. आधी ही अकरा नावं मोठ्याने वाचा, मग रद्दी म्हणा."

साहेबांनी रजिस्टर हातात घेतलं. चार नावं वाचली. पाचव्यापाशी थांबले, रजिस्टर वहिनीला परत दिलं आणि ट्रकवाल्याला जायची खूण केली. ट्रक रिकामा गेला.

आता तिथे संग्रहालय आहे, शिकाऊ पोरींना पहिल्याच दिवशी दाखवतात. अकराच्या अकरा नावं दारावर लिहिलीत.

आणि वहिनीच्या मनगटावर तीन पांढरे डाग आहेत, बोटांच्या पेरांएवढे. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं, काही उपयोग नाही. परवा मी स्वतः हात लावून पाहिलं. बाकी हात गरम. तेवढी जागा... गार.