घरटं सोडून गेलेला हासार

"टोपली मी धरणार," शेजारच्या लेनक्सने आधीच सांगून टाकलं. "मागच्या वेळी सुमिंत्राने धरली आणि मासा निसटला."

"निसटला नाही, मी सोडला."

"किंचाळत सोडला," तिचा धाकटा भाऊ चैतराम म्हणाला.

ऑगस्टची सुट्टी होती. गयानाच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात तेव्हा सुट्टी म्हणजे कालवा, आणि कालवा म्हणजे हासार मासा. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, तोंडाला मिशा, रंग चिखलाचा. पावसाळ्यात नर गवताच्या काड्या आणि फेस जमवून तरंगतं घरटं करतो आणि अंड्यांखाली पहारा देतो. घरट्याखाली हात घातला की तो त्वेषाने अंगावर येतो आणि टोपलीत सापडतो. त्या मुलांना हे पाढ्यांआधी येत असे.

पण त्या सकाळी टोपलीची गरजच पडली नाही. हासार बांधावर चढले होते. ओल्या गवतातून बाजूच्या काट्यांवर रेटा देत सरपटत होते. बायका हसतहसत बादल्या भरत होत्या. सुमिंत्राच्या आजाने सांगितलं, यात नवल काही नाही. हासार हवा गिळून जगतो, पाऊस पडला की फिरायला निघतो. आज घरोघरी कालवण होणार, म्हणून सगळे खुशीत होते.

सुमिंत्रा मात्र कालव्यात उतरली. तिथे एक घरटं होतं, फेसात पिवळी अंडी होती. तिने खाली हात घातला. कुणी आलं नाही. दुसराही हात घातला.

"याचा बाप घरी नाही," ती हळूच म्हणाली.

"फिरायला गेला असेल," लेनक्स म्हणाला.

"अंडी टाकून?"

 तेवढ्यात चैतरामने ओठांवर उडालेलं पाणी चाटलं आणि तोंड वाकडं केलं. पाणी खारट होतं.

तिघे पळत कोकरपाशी गेले. कोकर म्हणजे समुद्राच्या बांधातला लाकडी दरवाजा. ओहोटीला उघडायचा, भरतीआधी पाडायचा. तो बिसराम चाचांच्या ताब्यात असे. आता दाराखाली लाकडाचा ठोकळा होता, फटीशी कोळंबीचं जाळं होतं, आणि चाचा खांबांना बांधलेल्या झोळीत पडले होते. एवढ्याशा फटीतून समुद्र येतो होय, असं म्हणून त्यांनी मुलांना हाकललं.

दुपारी पौर्णिमेची भरती होती. कालव्याला लागूनच आजाचं भातशेत होतं. लावणी नुकती झाली होती आणि घरात दुसरं बियाणं नव्हतं. खारं पाणी शिरलं की वर्षाचा भात गेला. पण चाचांपुढे पोरांचं कोण ऐकणार?

लेनक्सने घरी कालव्याचं पाणी उकळलं, निवू दिलं आणि त्यात लिंबू पिळलं. सुमिंत्रा आजाला नि शेजाऱ्यांना कोकरपाशी घेऊन आली.

"चाचा, सरबत," लेनक्स आदबीने म्हणाला.

चाचांनी मोठा घोट घेतला आणि तसाच थुंकला. "हे कसलं पाणी रे?"

"आपल्याच कालव्याचं, चाचा."

 चाचांनी एकदा पेल्याकडे, एकदा समुद्राकडे पाहिलं. भरती वर सरकत होती. मग ते अनवाणीच दाराच्या साखळीकडे धावले. ठोकळा घट्ट बसला होता. आजाने दोर बांधला आणि सगळ्यांनी मिळून ओढला. ठोकळा सुटला, दार धाडकन खाली आलं, आणि पाठोपाठ पहिली मोठी लाट त्यावर आदळली. आत थेंबही आला नाही.

चाचांनी आपलं जाळं गुंडाळलं आणि ते आजापुढे मान खाली घालून उभे राहिले. बायकांनी बादल्या उचलल्या आणि गावाला जागं करणारे हासार वरच्या गोड्या तळ्यात सोडून दिले.

आजाच्या घरात पुरुष आधी जेवत, मुलं नंतर. त्या संध्याकाळी आजाने तिघांना आधी पानावर बसवलं, लेनक्सला मधोमध. मग स्वतः लोटा घेऊन त्यांच्या हातांवर पाणी घालायला तो वाकला.

"शेत वाचवलंत, पोरांनो," तो एवढंच म्हणाला.

हात केव्हाच स्वच्छ झाले होते. तरी कुणी मागे घेतले नाहीत.