दगड जमला नाही

मिसाओनं बादलीतलं पाणी भिरकावलं आणि ते थेट एका माणसाच्या अंगावर गेलं. उन्हाळ्यात धूळ बसवायला रोज दुपारी ती दुकानापुढे पाणी मारायची. पण समोर बघून मारावं, एवढं भान तिला कधीच नसे. माणूस ओलाचिंब झाला, पाठीवरच्या बोचक्यासकट.

"अगं बाई! माफ करा… लागलं नाही ना?"

"पाणी कसं लागेल?" तो हसला. बोचक्यातून एक चपटा दगड काढून त्यानं तळव्यावर धरला. "बघा, दगड ओला झाला की कसा देखणा दिसतो! माझं मात्र तसं होत नाही."

तसं होत होतं — पण हे मिसाओ कशाला सांगतेय!

त्याचं नाव रोकुरो. उमेगाहाताच्या खाणीतले, वस्तऱ्याला धार लावायचे दगड तो क्योटोतल्या न्हाव्यांना विकायचा. हे न्हाव्याचं दुकान मिसाओच्या वडिलांचं; त्यांचा हात थरथरू लागल्यापासून वस्तरा तिच्याकडे आला होता. ती एकुलती एक, तेव्हा घरजावई मिळाला तरच लग्न, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. रोकुरो म्हणजे नावातच सहावा मुलगा. त्याला कोण घरी धरून ठेवणार? बाईसाहेबांनी पहिल्याच दुपारी हे सगळं मनाशी जुळवून टाकलं.

रीत अशी, की दगड महिनाभर वापरून बघायचा. वस्तऱ्याला जमला तर ठेवायचा, आणि मग दगडवाल्याचं तिथलं काम संपलं. चांगला दगड एका न्हाव्याला जन्मभर पुरतो. नाही जमला तर तो परत नेऊन दुसरा आणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसाओनं छोट्या दगडानं रोकुरो ठेवून गेलेला दगड घासून दुधासारखा लगदा काढला. त्यात वस्तरा हलकेच फिरवला, थेंब थेंब पाणी घालत लगदा पातळ केला, अगदी नितळ पाणी उरेपर्यंत. मग वडिलांची दाढी केली.

"वा!" वडील म्हणाले. "हा ठेवून घे."

महिन्यानं रोकुरो आला. "जमला?"

"नाही हो… जरा खरखरीत लागतो."

वडील वर्तमानपत्रामागे खोकले.

पुढच्या महिन्यातला दगड फार मऊ निघाला. त्यापुढच्याचा लगदा म्हणे लवकर सुकायचा. दगड देता-घेताना बोटं बोटांना लागत, आणि दोघंही ती काढायला अंमळ उशीर करत.

"मालकीणबाई, तुमचा वस्तरा भारीच नखरेल!"

"कुणावर गेलाय कोण जाणे."

"मला दिसतंय ना कुणावर गेलाय ते!"

मिसाओ हवेत होती. त्याचं हसू महिन्यागणिक विरत चाललंय, हे तिला दिसलंच नाही. अकराव्या दगडाच्या वेळी तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "हा आमच्या खाणीतला सगळ्यात चांगला. म्हणजे… मला तसं वाटतं."

महिन्यानं त्यानं विचारलं, "जमला?"

हो म्हटलं तर हा परत कशाला येईल?

"नाही," मिसाओ म्हणाली.

"मग राहू दे इथंच. टाचा घासायला होईल."

त्यानंतर तो आला नाही. मेपलची पानं गळली, बर्फ पडून गेलं. दार वाजलं की मिसाओची मान वळायची.

वसंतात तो आला, तो रिकाम्या पाठीनं. "उद्या लग्न आहे. दाढी तुमच्याकडूनच करून घ्यावी म्हटलं."

"कुणाकडे… देताहेत तुम्हाला?"

"ओत्सूच्या तोफूवाल्याकडे. घरजावई." तो खुर्चीत मागे रेलला. "दगडापेक्षा तोफू बरा. निदान कुणी परत पाठवत नाही."

मिसाओला हसता आलं नाही. तिनं फेस लावला, वस्तरा फिरवला. एक गाल संपला तसे रोकुरोनं डोळे उघडले.

"वस्तरा कुठल्या दगडावर लावलाय?"

खोटं बोलायची सवय झाली होती. पण हा माणूस स्वतःलाच दगड ओळखता येत नाही असं समजून चालला होता.

"तुमच्या. अकराव्या. अकराही चांगले होते, पहिल्यापासून. तुम्ही परत यावं म्हणून मी…"

वस्तरा गळ्याशी होता, त्याला मान वळवता येईना.

"मिसाओ." तिचं नुसतं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं. "दगड जमला की तुझ्या वडिलांना विचारायचं, असं दर महिन्याला ठरवून यायचो मी. पण ज्याला दगड कळत नाही, त्यानं न्हाव्याच्या घरी कुठल्या तोंडानं मुलगी मागायची?"

"आणि आता?"

"आता… घरजावयाचे कागद झाले, आडनावसुद्धा बदललं माझं."

एकदा 'जमला' म्हणायचं होतं. एवढंच. त्याला आपल्याकडे ओढता ओढता तिनंच त्याला महिन्या-महिन्यानं दूर लोटलं होतं, आणि आता दोष द्यायलाही दुसरं कुणी नव्हतं. तिनं हात स्थिर केला. उद्याच्या नवरदेवाला ओरखडा यायला नको.

दुसरा गाल झाला, हनुवटी झाली. तिनं गरम पाण्यात पिळलेला टॉवेल त्याच्या चेहऱ्यावर पसरला. टॉवेलची वाफ कधीच निवली, तरी रोकुरोनं तो काढला नाही. आणि मिसाओनंही त्याला काढायला सांगितलं नाही.