आधी हात लावणारी

दुपारी दोनला बेल वाजली. दारात घामेजलेला, रुंद खांद्यांचा तरुण बघून जाई म्हणाली, "गहू ना? गोणी आत, ओट्याखाली ठेवा."

तो तसाच उभा. मग हळूच म्हणाला, "गोणी नाय आणली, मॅडम. मी… मीच आलोय. इंग्लिशला."

जाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाशीतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटात ती बारावीच्या मुलांना शिकवायची. रणजीत तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. पहाटेपासून गोण्या वाहायच्या, दुपारी मोकळा. इंग्लिशमध्ये दोनदा गचकलेला. आता ऑक्टोबरची परीक्षा शेवटची, असं त्यानं स्वतःलाच बजावलं होतं.

बाकी सगळं जमायचं त्याला, पण उलट्या वाक्यांपाशी गाडी अडायची. 'आय हॅव' अगदी नीट; 'नेव्हर' पुढे आलं, की हमखास 'नेव्हर आय हॅव'!

"हॅव आधी, आय नंतर! कितीदा सांगू?"

"पन का? कर्ता सोडून ते मदतनीस पुढं का घुसतंय?"

जाईनं व्याकरणाचं पुस्तक चाळलं; तिथं नुसता नियम. तिनंही ते कधीकाळी नुसतं घोकलेलं.

दुसऱ्या दिवशी तो हसतच आला. "कळलं, मॅडम! एरवी मी पुढं चालतो, जोडीदार मागनं. पन ट्रकच्या मागच्या फाळक्यावर गोणी आली, की जोडीदार आधी पुढं होतो, हात लावतो… मग मी पाठ देतो. नेव्हर म्हंजी गोणी. हॅव म्हंजी जोडीदार. आय म्हंजी मी!"

"पुस्तकात असं का नाही लिहिलं?"

"लिवणाऱ्यानं गोणी उचलली नसंल."

ती इतकी हसली, की हातातला खडू मोडला. तो मात्र हसायचं विसरून तिच्याकडे बघत राहिला… त्या दिवसापासून दोन वाजायला आले, की तिचा हात आपसूक केसांकडे जायचा.

पेपरच्या आदल्या दिवशी जाताना तो वहीकडे बघत बोलला, "पास झालो तर तुमच्या बाबांशी बोलीन. नाय झालो तर… हा जिना परत नाय चढनार."

काय बोलीन, ते त्यानं सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही — नुसते कान तापले.

आणि निकाल लागला तो नेमका डिसेंबरातल्या एका शुक्रवारी. रविवारी ठाण्याचं स्थळ तिला बघायला येणार होतं. आईनं पोह्यांची पिशवी काढूनही ठेवली होती. तीन वाजले, चार वाजले. जिन्यात चप्पल वाजली की जाई दाराशी. चप्पल वरच्या मजल्यावर निघून जायची. साडेपाचला बाबा ऑफिसातून आले. म्हणजे… नापास?

डोळे पुसताना कोणी बघू नये, म्हणून ती गॅलरीतले कपडे काढायला गेली. खाली पाण्याच्या टाकीजवळ पांढरा, इस्त्रीचा शर्ट. हातात घडी घातलेला कागद.

ती जिना कशी उतरली, तिचं तिला ठाऊक.

त्यानं कागद पुढे केला. इंग्लिश — एकेचाळीस.

"मग वर का नाही आलात? जीव गेला इथं माझा!"

"चारपासनं हितंच हाय. तुमचे बाबा माझ्या समोरनं वर गेले. पाय उचलंना."

"शंभर किलोची गोणी उचलता!"

"गोणी प्रश्न इचारत नाय, मॅडम."

ती हसली नाही. पोह्यांची पिशवी डोळ्यांपुढे आली… ठाण्याची ती चार अनोळखी माणसंही.

"रणजीत," ती म्हणाली, "फाळक्यावर गोणी आली, की आधी पुढं कोण होतं?"

तो बघतच राहिला. "…हात लावणारा."

"मग चल माझ्या मागनं."

तीन मजले. कठडा घट्ट धरून ती पुढे, एक पायरी सोडून तो मागे. दार बाबांनीच उघडलं. चष्म्यावरून त्यांनी त्या रुंद खांद्यांकडे बघितलं.

"काय गं, गहू मागवला होतास?"

"नाही, बाबा." ती दारातून हलली नाही. "हे रणजीत. गोणी नाही आणली त्यांनी… मी त्यांना घेऊन आलेय. रविवारच्या आधी."