धारेवरचं फाटक

"हसा लेकांनो, हसा!" शेकोटीत लाकूड सारत म्हातारा एल्मर म्हणाला. "फाटक उघडायला उतरलेल्याला टाकून गाडी दामटायची, त्याला गाडीमागं पळवायचं... आज केलीत ही थट्टा. पुन्हा मॉन्टानात कुठं करू नका. डेल्बर्टचं काय झालं ते ऐका."

आमच्या कुंपणाला लागूनच डेल्बर्टचं गुरांचं रँच. चौदा ऑगस्ट, शनिवार, रात्रीचे साडेआठ. वरच्या कुरणात गाईंसाठी चाटायचे मिठाचे ठोकळे टाकायला तो डोंगराच्या धारेवरून निघाला. शेजारी बायको, ओपल. तिला चौथा महिना. रस्ता अगदी सरळसोट, दोन्हीकडं पिवळं गवत, खाली नदी.

"अशी रोज फिरवशील का रे?"

"फाटकं उघडशील तर रोज!"

आपली रीतच ती. शेजारी बसेल त्यानं उतरायचं, गाडी पार झाली की फाटक लावून पुन्हा चढायचं.

लई जीव होता त्याचा तिच्यावर. धाकटा भाऊ हार्लन गेल्यावर सात वर्षं हा माणूस हसला नव्हता, तो ओपलनं हसवला. हार्लनला त्यानंच या धारेवर थट्टेनं मागं सोडलं होतं, जानेवारीत. तेवढ्यात हिमवादळ आलं. पोरगं दुसऱ्या दिवशी सापडलं, फाटकाशी, जाड लोकरीच्या कोटात गोठलेलं.

त्याच फाटकाशी ओपल उतरली. गाडी पार झाली. मागं साखळी वाजली. गाडीचं दार उघडलं, लागलं. अंधारून आलेलं, डेल्बर्टची नजर रस्त्यावर. बाळाचं नाव काय ठेवायचं, म्हणून तो आपला बोलत सुटला.

उत्तर नाही.

"रुसलीस काय गं?"

गाडीत गारठा भरलेला...

पुढचं फाटक आलं. शेजारचं माणूस उतरलं. दिव्यांच्या उजेडात पाठ दिसली. पुरुषाची. जाड लोकरीचा कोट. त्यानं फाटक उघडलं. उभा राहिला. वळला नाही.

"हार्लन...?"

डेल्बर्टनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ओपल कुठाय? हार्लन, माझी ओपल कुठाय रे?"

तो नुसता उभा...

डेल्बर्टनं गाडी फिरवली. ओपलच्या नावानं ओरडत, रडत मागं आला.

ती फाटकाला टेकून बसली होती. गेली होती बिचारी. पोटातलं लेकरूही गेलं.

तिला उचलायला मीच गेलो होतो, पोरांनो. रात्र इतकी उकाड्याची, की सदरा पाठीला चिकटला होता. आणि तिच्या दोन्ही हातांची बोटं... हिमानं काळी पडली होती.