हजारावा भागाकार

डॉक्टरांनी सहा महिने सांगितले, त्या दिवशी बाबांनी केसपेपर उलटसुलट करून पाहिला आणि कोपऱ्यातल्या नंबरावर बोट ठेवलं. ६२७७३९१३.

"ही मूळ संख्या असेल का गं?"

जन्मभर गणित शिकवलेला माणूस. जित्याची खोड, दुसरं काय!

घरी आल्यावर नियम ठरला. चारचा चहा झाला की रोज एकच भागाकार. आज दोनने, उद्या तीनने, परवा पाचने, अशा एकेका मूळ संख्येने. मी कोऱ्या कागदावर नंबर उतरवून द्यायचा. बाबांनी अंकांची बेरीज करून ताळा पाहायचा, अडतीस आली की उतारा बरोबर, आणि मगच पेन्सिल उचलायची.

"फुटली तर मी सुटलो," ते म्हणाले. "नाही फुटली तर दुसरी धरू."

सहा महिने उलटले. दोन वर्षं उलटली. डॉक्टर चकित, बाबा खूश. मी मात्र पहिल्याच आठवड्यात चोरून कॉम्प्युटरवर पाहिलं होतं. त्या संख्येला भाग जाणारी सगळ्यात लहान मूळ संख्या ७९१९. क्रमाने बरोबर हजारावी.

हजारावा दिवस उजाडला. मी छापखान्यात मुद्रितं तपासते, कुठली चूक डोळ्यांतून निसटते ते मला पक्कं ठाऊक. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तरी बेरीज तीच राहते. मी ६२७७३१९३ लिहिलं. बाकी ७१९९ उरणार, हेही आधीच काढून ठेवलं होतं. लबाडी होती, पण मला माझे बाबा हवे होते.

बाबांनी ताळा पाहिला, मान डोलावली, भागाकार मांडला. अक्षर नेहमीसारखंच ठसठशीत.

"बाकी शून्य."

मी कागद ओढून घेतला. एकेक पायरी तपासली. शून्य. मोबाइलवर केलं. शून्य. मग खरा नंबर टाकला. तिथंही शून्य.

हे होणंच शक्य नव्हतं. एकीच्या शेवटी ९१३, दुसरीच्या १९३, बाकी अंक तेच; फरक अवघा सातशे वीसचा. दोघींना ७९१९ने भाग जायचा, तर फरक निदान तेवढा तरी हवा. नाहीतर मग अजिबातच नको.

"अंक फिरवलेस ना?" बाबा हसत होते. "वेडाबाई! अगं, सहा महिन्यांचे हजार दिवस केले आपण. आणखी किती ओढशील?"

माझ्या डोक्यावर हात ठेवून ते जरा आडवे झाले.

सहाला उठवायला गेले, तेव्हा तो हात गार पडला होता.

दादाला फोन केला. दादा पूल बांधतो, आकडेमोडीत त्याचा हात धरणारा कोणी नाही. तो खूप रडला, मीही रडले. शेवटी मला राहवेना.

"दादा, नऊशे तेरातून एकशे त्र्याण्णव गेले, तर किती उरले?"

"काहीच नाही," तो नाक ओढत म्हणाला. "का गं?"