ग्लासावरची चकती

दुपारी दोनच्या सुमाराला रोलंड क्रॅबट्री 'पॅकहॉर्स' पबच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या डोक्यात भुताखेताचं काहीएक नव्हतं. राग होता. आणि खिशात थर्मामीटर होता, पण तो तर कायमच असायचा. तीस वर्षं तो एका बीअर कारखान्यासाठी यॉर्कशायरमधल्या गावोगावच्या पबांची तळघरं तपासत हिंडला होता. पिंप किती दिवसांचं, नळ्या धुतल्यात की नाही, सगळं त्याला एका घोटात कळायचं. नव्या पबवाल्यांना तो पहिल्याच दिवशी सांगायचा, की पिंपातली बीअर जिवंत असते, तिला दूध समजून सांभाळा. पिंप उघडलं की तीन दिवस, ग्लासात ओतली की फार तर तासभर, मग ती मरते.

आणि इथे म्हणे एक ग्लास अडतीस वर्षं ताजा होता.

आत जून महिन्याचं ऊन खिडकीतून दगडी फरशीवर पडलं होतं. पंपांच्या तीन दांड्यांपैकी दोन दांड्यांवरच्या पाट्या उलट्या फिरवलेल्या होत्या, म्हणजे ती पिंपं संपली होती. पबचा आज शेवटचा दिवस होता. सोमवारपासून इमारत पाडून तिथे फ्लॅट होणार होते. गिऱ्हाईक म्हणाल तर एकटा सेड्रिक, वय वर्षं ऐंशी, टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला.

"आलात का साहेब!" सेड्रिक म्हणाला. "मला वाटलं पब पडल्यावर विटा मोजायला याल."

"तुम्ही अजून आहात, काका?"

"मेव्हिस हाकलत नाही म्हणून आहे."

मेव्हिस काउंटरमागे होती. तिच्या आधी तिची आई नोरा हा पब चालवायची. रोलंडला तिने एकोणीस वर्षांचा असताना पाहिलं होतं, त्यामुळे आता तो सत्तावन्नचा झाला तरी तिच्या लेखी पोरगाच होता. तिने न विचारता दांडा ओढला, दोनदा, सावकाश, आणि बीअरचा पाइंटभर ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

"आई कशी आहे तुझी?"

"जेवत नाही. खुर्ची सोडून पलंगावर आडवी होत नाही. खिडकीशी बसते." रोलंडने घोट घेतला. बीअर उत्तम होती, त्याचा त्याला आणखीच राग आला. "डॉक्टर म्हणतात, दुसरी कुणी असती तर कधीच गेली असती. ही म्हणते, हॅरल्डने चकती ठेवलीय, तो यायच्या आधी मी कशी जाऊ?"

मेव्हिसने मान वळवून काउंटरच्या टोकाकडे पाहिलं.

तो ग्लास तिथे मागच्या दाराजवळ होता. पाऊण भरलेला, तोंडावर पुठ्ठ्याची गोल चकती.

अर्ध्यातून उठून बाहेर जायचं असेल तर माणूस ग्लासावर चकती ठेवतो. म्हणजे, मी येतोय, माझा ग्लास उचलू नका. ज्याने ठेवली त्यानेच ती काढायची, नाहीतर त्याच्या रक्ताच्या माणसाने. त्याच्या नावाने दुसऱ्या कुणी ठेवली तर ती चालत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण या खोऱ्यात मारामाऱ्या झाल्या असतील तर चकतीवरून झाल्यात, बाईवरून नाही.

सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये एका शनिवारी दुपारी रोलंडच्या वडिलांनी, हॅरल्ड क्रॅबट्रीने, अशीच चकती ठेवली होती. त्याची शर्यतीची कबुतरं फ्रान्समधून सुटली होती, सगळी परतली, एक मादी तेवढी राहिली होती. "दोन मिनिटांत बघून येतो," असं नोराला सांगून तो मागच्या दाराने टेकडीवर, आपल्या खुराड्याकडे गेला. जाकीटही नेलं नाही. पोलिसांनी दगडाच्या खाणी शोधल्या, नदी शोधली. माणूस नाही मिळाला आणि कबुतरही नाही मिळालं.

"चारशे अकरा," सेड्रिक म्हणाला. "मी स्वतः तिच्या पायात रबरी कडं घातलं होतं, कबुतरांच्या क्लबचा सेक्रेटरी होतो ना मी. हॅरल्ड म्हणाला, हिच्यावर लक्ष ठेव, ही राणी आहे. कसली राणी! नवऱ्यालाच घेऊन पळाली तुझ्या आईच्या."

"काका, पुरे," मेव्हिस म्हणाली.

रोलंड उठून त्या टोकाशी गेला. चकती पिवळी पडून मखमलीसारखी मऊ झाली होती, तिच्यावर छापलेला मेंढा जेमतेम ओळखू येत होता. पण खालची बीअर तांबूस, स्वच्छ, आणि तिच्यावर दाट पांढरा फेस. काचेवर आतून फेसाचं एकच कडं होतं. जिवंत बीअर प्रत्येक घोटाला असं एक कडं मागे ठेवते. म्हणजे पिणाऱ्याने एकच घोट घेतला होता.

"किती दिवसांनी बदलतेस?" त्याने विचारलं.

"काय?"

"यातली बीअर. आई चालती होती तोवर दर शनिवारी इथे येऊन बसायची. तिला बरं वाटावं म्हणून नोराने सुरू केलं असेल, मी समजू शकतो. पण माझ्या आईने जन्म काढला गं या ग्लासापायी! दुसरं लग्न नाही, गाव सोडणं नाही. मी लंडनला चल म्हटलं तर म्हणाली, घरात कुणीतरी हवं. हे नाटक तू तरी थांबवायचंस."

मेव्हिसचा चेहरा लाल झाला. "तुझ्या आईला फसवायला तुझी अख्खी कंपनी कमी पडेल, रोलंड. मी त्या ग्लासाला आजवर बोट लावलेलं नाही. माझ्या आईनेही नाही. काउंटर पुसते तोसुद्धा त्याच्या कडेकडेने."

"मग मोजू या."

त्याने थर्मामीटर काढून काचेला टेकवला. बारा अंश. तळघराचं तापमान. खोलीत एकवीस होतं, त्याने तेही मोजलं.

"सकाळीच तळघरातून आणलेला दिसतोय," तो म्हणाला, पण आवाजात मघाचा जोर नव्हता. सकाळी आणलेला ग्लास आत्तापर्यंत गरम झाला असता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

"तुला वाटेल ते समज," मेव्हिस म्हणाली. "पण सोमवारी मजूर येतील. त्यांनी हात लावण्यापेक्षा तू ठरवलेलं बरं, म्हणून बोलावलं तुला. ठेवायचा तर घरी घेऊन जा. काढायची तर तूच काढ चकती."

रोलंडला सकाळी वृद्धाश्रमात पाहिलेली आई आठवली. तिने त्याचं मनगट धरलं होतं, बोटं नुसती हाडं. "तू जाऊन ये," ती म्हणाली होती. "तुला वाटलं तर चकती राहू दे. उचललीस तर मला लगेच सांग. मी फार दमलेय रे." तिला या वाट बघण्यातून कुणीतरी सुट्टी द्यायला हवी होती, आणि ती देणारं त्याच्याखेरीज कुणी उरलं नव्हतं.

"आजच्या दिवस थांब," सेड्रिक अचानक म्हणाला. थट्टा त्याच्या आवाजातून गेली होती. "चार वाजता बंद होणारच आहे. तेवढं तरी थांब."

"अडतीस वर्षं थांबलो, काका. दोन तासांनी काय होणार आहे?"

त्याने चकती उचलली.

काही झालं नाही. बाहेर कुठेतरी गवत कापायचं यंत्र चालू होतं, ते चालूच राहिलं. रोलंडने सवयीने ग्लास नाकाशी नेला, आणि त्याचा हात तिथेच थांबला.

हिरव्या सफरचंदाचा वास. त्याच्याखाली ओल्या गोणपाटाचा.

ही ब्रॅकनशॉ बीअर होती. अठराव्या वर्षी तो ती बनवणाऱ्या कारखान्यात हौद धुवायला लागला होता. एक्याण्णव साली तो बंद पडला, तांब्याचे हौद भंगारात गेले, आणि ज्याच्यामुळे हा वास यायचा ते शंभर वर्षांचं खमिराचं वाणही त्याच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतलं गेलं. ही बीअर आता जगात कुठेही नव्हती. कुणाला बदलायची म्हटली तरी बदलता आली नसती.

"काय झालं?" मेव्हिसने विचारलं.

"काही नाही."

त्याने ती मोरीत ओतली. का ओतली, हे त्याला पुढे कधीही सांगता आलं नाही. मग त्याने वृद्धाश्रमात फोन लावला.

"उचललीस?" आईने हॅलोही म्हटलं नाही.

"उचलली, आई."

"म्हणजे तो येत नाही."

"नाही येत."

"बरं झालं सांगितलंस. शहाणा माझा." मग ती बाजूच्या कुणाला तरी म्हणाली, "बाई, तेवढा पडदा ओढा. मी पडते आता." फोन बंद झाला.

रोलंड रडला. मेव्हिसने तोंड फिरवून रिकामा ग्लास धुतला, पुसला, फळीवर पालथा घातला. अडीच वाजले होते.

तेव्हा मागच्या दाराची खिट्टी उचलली गेली.

दार उघडलेलं त्यांना दिसलं नाही. नुसती खिट्टी वाजली. मग दगडी फरशीवर बूट. घाईत असलेल्या, आनंदात असलेल्या माणसाची चाल. चार पावलं, पाच.

पावलं काउंटरच्या टोकाशी आली. तिथे थांबली.

आपली जागा तीच आहे ना, हे बघायला माणसाला जितका वेळ लागतो, तितका वेळ गेला.

सेड्रिकने टोपी छातीशी धरली होती. रोलंडला हाक मारायची होती, पण 'बाबा' हा शब्द त्याने अडतीस वर्षांत कुणाला म्हटला नव्हता, तो चटकन ओठांवर आला नाही.

लाकडावर काहीतरी अगदी हळू ठेवल्याचा आवाज झाला.

मग पावलं परत गेली. आता घाई नव्हती. ज्याचा ग्लास उचलला गेलाय असा माणूस कुणाशी वाद न घालता निघून जातो, तशी ती गेली. खिट्टी पडली.

"बाबा!" रोलंड ओरडला आणि धावला. बाहेर अंगणात ऊन होतं. टेकडीवर गवत, मोडलेली खुराडी, वर मोकळं आभाळ. कुणी नव्हतं.

तो परत आला, तेव्हा मेव्हिस आणि सेड्रिक काउंटरच्या टोकाकडे बघत उभे होते. ग्लासाच्या ओल्या वर्तुळात एक रबरी कडं पडलं होतं, कबुतराच्या पायात घालतात ते. रोलंडने ते उचललं. ते उबदार होतं. त्याच्यावर आकडा होता, चारशे अकरा.

"आली म्हणजे ती," सेड्रिक पुटपुटला. "आली बघ राणी. तेच सांगायला आला होता तो."

मेव्हिसने फळीवरचा तोच ग्लास घेतला आणि दांडा ओढला. निम्मी बीअर बाहेर सांडली. भरलेला ग्लास तिने त्याच जागी ठेवला, आणि रोलंडने ती जुनी चकती त्याच्यावर नीट, मधोमध ठेवली.

"पण रोलंड, दुसऱ्याने ठेवलेली..." सेड्रिकने सुरुवात केली, आणि पुढचं गिळलं.

तिघं बसून राहिले. पुन्हा फोन करून आईला सांगावं, असं रोलंडला दोनदा वाटलं. पण काय सांगणार? तो आला होता, आणि मी त्याचा ग्लास मोरीत ओतला? त्याऐवजी तो थर्मामीटर काचेला टेकवून बसला. बारा. तीन वाजता सतरा. फेस बसला, काचेला चिकटून एक मळकट रेघ उरली. मागचं दार हललं नाही.

चार वाजता मेव्हिसने पब बंद व्हायची घंटा वाजवली, शेवटची. त्याच वेळी काउंटरवर रोलंडचा फोन थरथरू लागला. पडद्यावर वृद्धाश्रमाचं नाव होतं. सेड्रिकने फोनकडे पाहिलं, मग रोलंडकडे.

रोलंड थर्मामीटरकडे बघत होता. एकवीस. खोलीइतकंच.